रविवारी खेळ बंद

टेबलावर नकाशा. चार कोपऱ्यांवर
मिठाचं भांडं, किटली, त्याचा चष्मा, माझं कोपर.
बोटींचं वेळापत्रक भिंतीवरून काढून आणलंय,
टाचणीसकट.

एकतीस वर्षं टॉर्मोड आमच्या बेटावरच्या
नऊ भोकांच्या मैदानाचं गवत राखतोय.
मेंढ्या येतात, वाळू येते,
हिवाळ्यात समुद्र स्वतः येतो, सहाव्या झेंड्यापर्यंत.
फी घ्यायला माणूस नाही, पत्र्याची पेटी आहे.
सोमवारी उघडली की निघतं काहीबाही:
नॉर्वेचं नाणं, कोटाचं बटण,
आणि एकदा चिठ्ठी, ‘पैसे विसरलो. गवत उत्तम.’
ती त्याच्या पाकिटात आहे अजून,
घडीवर फाटलेली.

माझ्याकडे वरच्या दोन खोल्या.
मे ते सप्टेंबर चादरींच्या कडा खोचत आले
श्टुटगार्टसाठी, ओसाकासाठी, ओहायोसाठी.
सातला त्यांचं अंडं, साडेसातला त्यांचं हवामान.
तेही मीच शिजवते बहुतेक,
पाऊस आला की माझ्याकडे बघतात.

यंदा आम्ही पाहुणे.
नऊ दिवस रूरी कापेल गवत.
वाकडं कापेल. कापू दे.

टॉर्मोडचं बोट निघतं, बोटीच्याही आधी:
उइगला उतरतं, डोंगर ओलांडतं, डॉर्नॉखला थांबतं.
काटेरी झुडपं पिवळी असतात तेव्हा, म्हणतो. मेमध्येच.
मी म्हणते, राहायचं कुठे?
बोट खाली घसरतं, पार मखरिहानिशला.
पहिलाच फटका किनाऱ्यावरून, खाली वाळू, लाटा!
मी म्हणते, राहायचं कुठे?
तो माझ्याकडे असा बघतो
जणू माणसं गवतावरच झोपतात.

मला हवीय अशी जागा
जिथली उशी दुसऱ्या कुणीतरी झटकलीय.
न्याहारीला उशिरा जाईन, मुद्दाम.
अंडं परत पाठवीन, एकदाच,
मग आत जाऊन त्या पोरीची माफी मागेन.

पेन्सिलीने हिशेब होतो.
मखरिहानिश जातं: नकाशावर वीतभर,
पण बस, बोट, बस, पुन्हा बोट,
आणि त्याचा डावा गुडघा.
पाय असलेल्या न्हाणीटबाची खोलीही जाते.
ती मी खोडते, त्याला दिसायच्या आत.

मग बोट पूर्व किनाऱ्यावर घुटमळतं.
नाव घेत नाही तो. मीच घेते.
सेंट अँड्र्यूज.
‘तिथे चिठ्ठ्या काढतात खेळायला,’ म्हणतो.
‘एवढं लांब जायचं, आणि माझं नाव नाही निघालं तर?’
वादळात छपरावर चढणारा माणूस
एका चिठ्ठीला घाबरतो.

‘रविवारी काय असतं?’
‘बंद. जुन्या मैदानाला सुट्टी.
लोक कुत्री घेऊन हिंडतात म्हणे तिथे.’
आमच्याकडे रविवारी
धुतलेला शर्टही दोरीवर टाकत नाहीत.
रविवार आम्हाला कुणी शिकवायला नको.

‘मग रविवारी जाऊ,’ मी म्हणते. ‘चर्च सुटल्यावर.
चेंडू नाही, काठी नाही, चिठ्ठी नाही.’

किटलीखालचा कोपरा सुटतो, नकाशा गुंडाळू लागतो.
तो हाताने दाबून धरतो
आणि पेन्सिलीने लिहितो: रविवार.
फीच्या रकान्यात शून्य काढतो,
नीट गोल, भोकाएवढं.

बऱ्याच वेळाने विचारतो,
‘गुडघे टेकून हात लावला गवताला
तर कुणी ओरडेल का?’

आमच्या चर्चमध्ये प्रार्थनेला उभं राहतात.
गुडघ्यांवर मी त्याला पाहिलंय
ते गवतापुढेच.
‘ओरडू देत,’ म्हणते मी.

खोली अजून शोधतेय.
महाग नको, कुत्र्यावाल्यांची नको,
आणि खिडकी पूर्वेला अजिबात नको.