फडकं

मुरगाबहून निघताना बुरुलचा आपा म्हणाली,
शिलाई मशीन मांडीवर घेते, टपावर नको.
आपा, ओशपर्यंत दिवस जाईल.
जाऊ दे. लेकीकडे राहायला चालले आहे,
परत यायची घाई कुणाला?

घाटाचं नाव अक-बैताल. पांढरी घोडी.
तिनं अजून कुणाला नीट बसू दिलेलं नाही.
उजवीकडे चीनचं तारेचं कुंपण,
मैलोन् मैल, आणि त्याच्या पलीकडेही
अगदी हाच डोंगर, हेच गोटे.
डांबर संपलं की खडी,
खडी संपली की नुसती सवय.

मागच्या बाकावर एर्मेकचं वेफर्सचं पाकीट
फुगून टम्म.
आमच्या छातीत मात्र
एका श्वासाच्या जागी अर्धाच.

शेवटच्या चढाला गाडी खोकली, थांबली.
वर आलं की असं होतं:
पेट्रोल पंपापर्यंत पोचायच्या आत
नळीतच वाफ होऊन बसतं.
पंपावर ओलं फडकं टाकायचं, धीर धरायचा.
पाणी सगळं रेडिएटरनं पिऊन टाकलेलं.
फडकं मुरगाबला, अंगणातल्या तारेवर.

आपानं मशीन खाली ठेवलं.
डोक्यावरचा रुमाल सोडला.
मी कुंपणाकडे बघत राहिलो;
आईएवढ्या बाईचे मोकळे केस
बघायचे नसतात.
तिनं थर्मास उघडला, मिठाचा दुधाळ चहा
रुमालावर ओतला, पिळला,
आणि स्वतःच गुंडाळला पंपाला,
बाळाच्या टाळूला गुंडाळावा तसा.

मग आम्ही वाऱ्याला पाठ करून उभे.
खालच्या वळणावर गंजलेला एक बुलडोझर.
माझ्या नवऱ्याचा, ती म्हणाली.
बावीस हिवाळे बर्फ ढकललं त्यानं.
ढकललेलं बर्फ कुठे जातं, विचारलं होतं एकदा.
म्हणाला, जात नाही. बाजूला बसून राहतं.

तिसऱ्या चावीला इंजिन लागलं.
माथ्यावर थांबू का, म्हटलं.
कशाला, म्हणाली. मशीनला थंडी वाजेल.

ओशला रुमाल द्यायला गेलो तर घेतला नाही.
तुला परत वर जायचं आहे, म्हणाली.

अजून तो तिथंच आहे, तेलानं काळा.
चढाला इंजिन तापलं की
नवे प्रवासी नाक वर करून विचारतात,
बॉनेटखालून दुधाचा वास कसला?
घोडी आहे, मी म्हणतो.