अकरा किलोमीटर अलीकडे

बंदी लागली की दमू घरी येते.
होड्या वर ओढलेल्या, ससून डॉकवरचं
आमचं बर्फ फोडायचं यंत्र ताडपत्रीखाली गप्प.
तिचाही बर्फ याच दिवसांत बंद होतो.
म्हणते, "चालण्याजोगा राहत नाही रे, भाल्या."

एकोणीस वर्षं झाली, ती माणसांना वर नेते,
जिथं समुद्राचीच जमीन होते तिथं.
डॉक्टर, दलाल, निवृत्त कर्नल,
एकदा तर एक जोडपं,
घटस्फोटाआधी ध्रुव बघून घेऊ म्हणणारं.
मच्छीमार नगरात अजून विचारतात,
"तुझी बहीण जहाजावर काय करते?"
वाट दाखवते.
"पण तिकडं वाट असते?"
नसते. म्हणून तर पगार.

बाबा आकड्याच्या दांड्यानं लादी ठोकून बघायचे.
टणटण वाजली तर ठेवायची,
भद्द वाजली तर आत पोकळी, परत गाडीत.
आठ वर्षांची दमू फ्रॉक गोळा करून
गोणपाटावर बसायची, गाल लादीला लावून.
शिक्षण तेवढंच. बाकीचं नॉर्वेत.

आता ती काठीनं ठोकते.
पांढरा पेलतो.
करडा लवतो, कुरकुरतो, पण खरं सांगतो.
काळ्याला विचारायला जायचं नसतं.

एक गोष्ट ती दर वर्षी सांगते:
दिवसभर उत्तरेला चाललो, चौदा किलोमीटर,
तंबू ठोकला, निजलो,
आणि रात्रभर तो अख्खा बर्फ आम्हाला घेऊन
दक्षिणेला वाहत राहिला.
सकाळी यंत्रात पाहिलं तर नऊच.
सुके बोंबील निवडणारी आय दर वर्षी मान वर करते:
"मग पाच कुणी मारले?"
मापात मारलेलं तिला खपत नाही.

रात्री दमूला झोप नसते.
दोन महिने न बुडलेला सूर्य डोळ्यांतून उतरत नाही.
मी पाणी प्यायला उठतो तर ती ओट्यावर,
समोर कफ परेडच्या इमारतींचे दिवे.
"झोप ना."
"अस्वलाची पाळी माझी आहे."
हसत नाही ती हे म्हणताना.

यंदा तिनं सहा जणांना मागं फिरवलं.
ध्रुव अकरा किलोमीटरवर.
पुढं पाण्याची चीर, आमच्या डॉकच्या तोंडाएवढी रुंद,
तिच्यावर रात्रीतून धरलेली साय.
"धरेल ना," एक जण म्हणाला.
तिनं काठी टेकवली. काही वाजलंच नाही.

तो एक जण परवा घरी आला.
हर्षवदनभाई, मंगळदास मार्केटात कापडाचा गाळा.
आठ महिने पहाटे गिरगावच्या वाळूत
कमरेला टायर बांधून ओढला होता त्यानं,
पुतण्याच्या लग्नालाही तशाच रापलेल्या मानेनं गेला.
खिशातून वकिलाचा कागद डोकावत होता.
आयनं चहा दिला.
दमूनं कप उचलला तेव्हा त्याला दिसलं,
डाव्या हाताची दोन बोटं पेरापुढं नाहीत.
तिकडं सगळा वेळ हातमोजे असतात.
"हे कधी?"
"दुसऱ्या वर्षी. तेव्हा वळले नव्हते."

बराच वेळ कुणी बोललं नाही.
आयनं बिस्किटं पुढं सरकवली.
कागद त्यानं दिला की नाही, मला दिसलं नाही,
मी मांजर हाकलायला उठलो होतो.
जाताना मात्र दारात त्यानं गुजरातीत काहीतरी
पुटपुटलं, आणि दमू खूश झाली.
मागं फिरवलेल्या माणसांच्या शिव्या
तिच्याकडे सात भाषांत जमल्यात.

ऑगस्टात यंत्राची ताडपत्री काढली.
दमू कधीच गेली होती.
पहिल्या गाडीतली पहिली लादी
मी आकड्यानं ठोकली.
भद्द.
मागं होड्या उभ्या, तांडेल ओरडतोय,
खाडीच्या पाण्याला भरती लागलेली.
पुन्हा ठोकली. भद्द.
"चढव परत," म्हटलं.
गाडीवाल्यानं माझ्या सात पिढ्या काढल्या,
भोजपुरीत.
पावतीच्या मागं मी ते लिहून घेतलं.
ही भाषा तिच्याकडे नाही.