पडून

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात
आमच्या मजल्यावर जेवणाची सुट्टी नसते.
बिलांच्या चळती, रबरबँड, टाचण्यांचा डबा,
आणि पंख्याने देयकं उडू नयेत म्हणून
मुठेतला एक गोटा.
म्हसवडे साहेब निवृत्त होताना देऊन गेले,
सोबत एक वाक्य:
‘हेमलता, जमा बाजू ही आशा असते.
खर्च बाजू ही खात्री.’

अंदाजपत्रकाच्या चारशे पानांत
ती ओळ शेवटून तिसऱ्या पानावर राहते.
राखीव निधी.
पुढे आकडा. मागे काहीच नाही,
ना रस्त्याचं नाव, ना कुणाच्या स्मरणार्थ.
तिचं उद्घाटन होत नाही.
नारळ फोडायचा तर कुठे फोडणार?

गेल्या मार्चात वडगावकडचे माननीय आले.
साधा पांढरा शर्ट, बोलणं गोड.
‘मॅडम, पैसे नुसते पडून आहेत.
वर्गीकरण करून द्या,
आमच्या कमानीचं काम अडलंय.’
मी म्हटलं, पडून नाहीत.
बसून आहेत.
ससूनच्या बाहेर रात्री एखादा माणूस
मांडीवर पिशवी घेऊन बसतो, तसे.
आतून हाक आली तर उठायचं.
नाही आली तर देवच पावला.
ते हसले.
चहा अर्धा ठेवून वरच्या मजल्यावर गेले.

घरी जाऊबाई म्हणाल्या,
म्हणजे डाळीच्या डब्यातल्या नोटाच की गं.
तसं नाही.
डब्यात ठेवणारीला ठाऊक असतं, कुणासाठी.
हे पैसे ज्याचे आहेत
तो औंधात, येरवड्यात, धनकवडीत
मिळकतकराची पावती ड्रॉवरमध्ये टाकून
कधीच विसरलाय,
आणि ज्याच्यासाठी आहेत
त्याचं नाव अजून
नदीलासुद्धा माहीत नाही.

मग हे वर्ष.
राज्याचं अनुदान जुलैत यायचं होतं,
दसरा गेला तरी पत्ता नाही.
बांधकाम परवानग्यांची जमा निम्म्यावर.
धरणातून पाणी सोडलं,
ओढ्याकडेची भिंत एका रात्रीत बसली,
वर पंपिंगचं वीजबिल.
एकोणतीस ऑक्टोबरला मी बेरीज तीनदा केली.
चौथ्यांदा सोपान मरळला करायला लावली,
शिपाई आहे, पण पावकीपासून पाढे पक्के.
त्याचंही तेवढंच आलं.
पगाराला अकरा कोटी कमी.

मुदतठेव मोडायच्या कागदावर
रात्री नऊला सही झाली.
व्याज बुडालं.
त्यावर लेखापरीक्षणाचा आक्षेप आलाय,
अजून निकाली निघालेला नाही.

एक तारखेला पहाटे
दांडेकर पुलाजवळच्या हजेरी कोठीत
शेवंताबाईंनी अंगठा लावला, झाडू घेतला.
अकराच्या सुमारास पदरात बांधलेला मोबाइल वाजला असेल:
पगार जमा.
त्यांनी लगेच पाहिलंही नसेल.
आणि का पाहावं?

मी दुसऱ्या दिवशी पेपर शेवटपर्यंत चाळला.
कचरा साचला नाही,
संप झाला नाही,
कुणी गेटवर येऊन टाहो फोडला नाही.
जे घडलंच नाही
त्याची बातमी कोण छापणार.
कमानीचा फोटो मात्र होता, पान तीन.
पैसे त्यांनी दुसरीकडून आणले. बरी दिसते.

आता त्या ओळीपुढे जवळजवळ शून्य आहे.
नव्या वर्षाच्या मसुद्यात मी लिहिलेत
चाळीस लाख.
आयुक्त विचारतील, एवढ्याने काय होणार?
काय सांगू. अकरा कोटींचीही सुरुवात
कुणीतरी कधीतरी अशीच
हसं करून घेत केली असेल.

गोटा उचलला.
कागद खाली सरकवला.
सोपानने विचारलं, पंखा बंद करू का?
म्हटलं, राहू दे.