नाझरेथकर

ख्रिस्त हे त्याचं आडनाव आहे
असं मला नऊ वर्षांची होईपर्यंत वाटायचं.
आम्ही वेगस, खाडीपलीकडचे मार्तीस,
आणि येशू, ख्रिस्त.

बेनेडिक्ट मास्तर म्हणाले,
आडनाव नव्हे, पोरांनो, हुद्दा आहे तो.
आडनावच हवं तर आपल्या चौलकर, थळकर, नागावकरांसारखं
नाझरेथकर म्हणा.
ख्रिस्त म्हणजे मशीहा. मशीहा म्हणजे
ज्याला तेल लावलंय तो.

मागच्या बाकावर लुकास फिसकन हसला,
कारण आमच्या वाड्यात 'जा, तेल लावत जा' म्हटलं
की पुढे मारामारीच.
मास्तरांनी त्याला उभं केलं
आणि मग, कोण जाणे का, स्वतःच खाली बसले.

तेल मला ठाऊक होतं.
मुशीच्या काळजाचं तेल, बाप होडीला चोळायचा ते;
आठ दिवस त्याच्या अंगाला वास,
आई ताट लांबूनच सरकवायची.
खोबरेल, रविवारी मिस्साच्या आधी टाळूवर थापलेलं,
ओघळ कानामागे, आणि आईचं 'हलू नको'.
त्यानं मला कुणी राणी केलं नव्हतं.

आणि हसाजीकाका झिराडकराचं तीळतेल.
शनवार तेली तो. शनिवारी त्याचा बैल मोकळा,
घाण्याची लाट उभीच्या उभी,
दारात उन्हाशिवाय कुणी नाही.
म्हणून चर्चच्या दिव्याचं तेल आणायला
मी शुक्रवारी जायची, दिवस मावळायच्या आत.

विचारलं, काका, मशीहा म्हणजे काय?
बाटलीत नरसाळं धरून तो म्हणाला,
'तेल लावलेला. शब्द आमचा. तुमच्याकडे उसना गेलाय.'
'तो येऊन गेला,' मी म्हटलं.
'यायचाय,' तो म्हणाला.
मग बराच वेळ धारच तेवढी बोलत होती.
माप भरल्यावर त्यानं वरून
आणखी एक पळी ओतली.
'ही कशाला?'
'दिवा जळू दे. यायचा असेल तर वाट दिसेल,
येऊन गेला असेल तर विसरलेलं काही न्यायला येईल.'

बापाच्या शेवटच्या दिवशी फादर आले,
पायजमा गुडघ्यापर्यंत भिजलेला, भरतीची वेळ चुकली होती.
अंगठ्याएवढ्या डबीत तेल.
कपाळावर एक क्रूस,
मग 'हात उघड, पास्कू' म्हणाले.
बापानं तळवे उघडले:
दोरानं कापलेले, मिठानं शिवलेले,
चाळीस वर्षं होड्यांना तेल चोळून काळे पडलेले.
त्या तळव्यांना
पहिल्यांदाच दुसरं कुणी तेल लावत होतं.

राजाला तेल लावतात, मग गादीवर बसवतात,
एवढं मला वाचून कळलं होतं.
हा बसलाच नाही.
एका बाईनं महागडं सुगंधी तेल त्याच्यावर ओतलं
तेव्हा जेवणारे भाव काढत राहिले,
आणि तो म्हणाला, राहू दे, माझ्या मातीची तयारी करतेय ती.
असा कुठला राजा, असं अजून मनात येतं,
आणि मग बापाचे ते हात येतात,
आणि प्रश्न तसाच राहतो, पण बोचत नाही.

आलाय की यायचाय, मला विचाराल
तर मी त्या वरच्या पळीपाशी अडते.
हसाजीकाका गेला. घाण्याच्या जागी
मोबाईलचं दुकान आहे, शनिवारीही उघडं.

परवा भावानं होडी वाळूत उपडी घातली.
फडकं बुडवून नाळेपासून सुरुवात केली,
एकेका खिळ्याचं डोकं थांबून थांबून,
जसं तापलेल्या पोराचं कपाळ.
लुकास, आता पोट सुटलेला, बंदरावरून ओरडला,
'काय रे, काय चाललंय?'
भाऊ मान वर न करता म्हणाला,
'तेल लावतोय.'

लुकास हसायला तोंड उघडून
तसाच उभा राहिला.