अर्धा कांदा

सूक्ष्मदर्शक एकच. कपाटात.
किल्ली हेडसरांच्या खिशात.
वर्षातून एकदा निघतो, नववी ब साठी.

कांदा आणायचा विसरले ढोबळे सर.
गजू पळाला खिचडीवाल्या शेवंतामावशीकडं.
"अर्धाच देतो बावा, अर्धा गेला फोडणीत."

रांग. दहा आकडे मोजेस्तोवर एकेकाची पाळी.
कोणाला आपलीच पापणी दिसली,
कोणाला काहीच नाही, तरी "हो सर."

करिष्मा आत्रामचे दहा झाले, वीस झाले.
"सरक ना वं!" मागून पोट्टे.
ती डोळा न काढता म्हणाली,
"सर, घरंच घरं हायेत, भिंतीले भिंत.
दार कोणालेच नाही."

सरांनी फळ्यावर लिहिलं: पेशीभित्तिका.
घंटा झाली.

खिचडीत तिला एक पातळ पाकळी लागली.
बोटावर घेऊन उन्हात धरली,
एक डोळा मिटला.
ताट निवत गेलं.