सुनावणी

नोव्हेंबरातला गुरुवार. डुलुथपासून तासाभरावरचं गाव,
टाउन हॉलात लोखंडी खुर्च्या, ओल्या बुटांचा वास.
विषय: टॅमरॅक रोड, घर क्रमांक अकरा,
सफरचंदांची जुनी वखार पाडून प्रार्थनाघर बांधू द्यावं का.
अर्जदार: सहा ब्रदर. अध्यक्षबाई "कर्णबधिर" म्हणतात, जपून,
ते स्वतःला बहिरे म्हणतात.

सुनावणी. शब्दातच ठरलेलं आहे
कोण सुनावणार आणि कुणाला.

मी दुभाषी. तासाचे पैसे मिळतात.
काळा स्वेटर घालते, हात उठून दिसावेत म्हणून.
नियम एकच, बहिऱ्या आईबापांच्या घरात शिकलेला:
माणूस "मी" म्हणाला तर तूही "मी" म्हणायचं.
"ते म्हणतात की" अशी पळवाट नाही.
छातीवर बोट टेकवायचं. मी.

तर मी म्हणाले: मला त्यांच्या धर्माशी काही वाकडं नाही.
मी म्हणाले: माझी विहीर उताराला आहे, त्यांचं सांडपाणी चढाला.
मी म्हणाले: हॉर्न ऐकू न येणारी सहा माणसं गाड्या हाकणार
आणि माझी नातवंडं सायकलवर.
(सहांपैकी दोघांनाच गाडी येते.
पण हे सांगायची पाळी माझी नव्हती.)
मी म्हणाले: पहाटे तीनला उठून सगळे दिवे लावतात,
माझ्या पडद्यातून उजेड आत येतो.

तेव्हा ब्रदर काझिमिर उठले.
जेवणाच्या टेबलावर बोलावं तसे, सावकाश:
"अंधारात आम्हाला प्रार्थना करता येत नाही.
हात दिसावे लागतात.
त्याला दिसत असतील. एकमेकांचे दिसत नाहीत."
हे मी तोंडाने बोलले. माझा आवाज
त्यांच्या हातांपेक्षा जाडाभरडा निघाला.

मग ढोलाचा विषय आला.
ढोल ते जमिनीवर आडवा ठेवतात, अनवाणी उभे राहतात,
स्तोत्र तळपायातून वर चढतं.
मी म्हणाले: बहिऱ्यांचा एवढा गोंगाट?
हॉल हसला. हसण्याची खूण आहे, ती मी केली.
धाकटा टोबियास, एकोणीस वर्षांचा,
विनोद झाला असं वाटून तोही हसला.

शेवटी रॉय टिबेट्स. वय एक्क्याऐंशी, रस्त्यावरचा सगळ्यात जुना.
बोलता बोलता त्याच्या कानातलं यंत्र शिट्टी मारू लागलं,
चहाची किटली विसरावी तशी, लांबलचक.
हॉलमध्ये सात जणांना ती ऐकू आली नाही.
काझिमिरनी वळलेल्या माना पाहिल्या, मग रॉयचा कान.
स्वतःच्या रिकाम्या कानाशी अंगठा नेऊन
थोडा आत दाबून फिरवला: असं.
रॉयने तसं केलं. शिट्टी थांबली.
त्याने मान हलवली, आभार की नुसतीच, कळलं नाही,
आणि कागदावर बोट शोधत म्हणाला,
"तर मी म्हणत होतो, ही माणसं इथे नकोत."
तर मी म्हणत होते.

अध्यक्षबाईंनी टेबल ठोकलं: शांतता.
सहांनी हाताची घडी घातली.
त्यांना तोंडावर बोट ठेवावं लागत नाही.
निर्णय जानेवारीवर. तोवर जमीन गोठलेली,
पाया तसाही खणता आला नसता.

माझं घरही टॅमरॅक रोडवरच, चौथं.
कुणी विचारलं नाही, आणि दुभाष्याला मत नसतं.
घरी येऊन भांडी घासली. दोनदा घासली.
बोटांना अजून तेच वळण होतं:
मला. ते. इथे. नकोत.

तीनला जाग आली.
फ्रिजच्या दारावर अकरा नंबरचा उजेड पडला होता,
त्यात काहीतरी हलत होतं; फांद्या असतील,
एवढ्या लांबून हात कसे दिसतील.

स्वयंपाकघरात उभी राहून
छातीवर बोट टेकवलं.
पुढची खूण सुचेना.