रकाना सातवा

सातव्या रकान्यात आठवडे लिहायचे असतात,
पहिलं लक्षण दिसल्यापासून
पहिल्या औषधापर्यंत. पूर्णांकात.

आटपाडीच्या पुढं डांबर संपतं
तिथून दीड मैल आत मेटकरवस्ती.
तेल्यानं गेलेल्या डाळिंबाच्या बागेला टेकून पत्र्याचं घर,
दारात तीन शेळ्या, चौथीचा नुसता खुंटा.

'कधीपासून?' मी विचारते.
तानूबाई बोटं मोजत नाहीत.
'टेंभूचं पानी वड्याला आलं न्हवं का,
त्येच्या आदल्या उन्हाळ्यात मायाप्पा कोइमतूरहून आला.
पिशवी न्हाई, पायात चपला न्हाईत.
शेटचा फोन आल्ता आदी,
पोरगं भट्टीशी बोलतंय म्हनून.'

गलाईच्या दुकानात तो सोनं आटवायचा.
मुशीतला जाळ आपल्याला नावानं हाक मारतो,
एवढंच त्यानं एकदा सांगितलं
आणि चुलीकडं पाठ केली ती केलीच.
तेव्हापासून गार भाकरी खातो, गार कोरड्यास.

ओढ्याला पाणी कोणत्या महिन्यात आलं
ते आता तलाठ्याला विचारावं लागणार.

पुढचा रकाना: मदत कुणाकडं मागितली, कोणत्या क्रमानं.
आधी दिघंचीकडचा जाणता.
त्यानं करणी सांगितली, वाटेवरची,
'आमच्या घरातली न्हवं'
हे तानूबाई दोनदा सांगतात.
करणी दुसऱ्याची असते, वेड घरचं असतं.
(हे मी समासात लिहिते, समास कुणी तपासत नाही.)
मग मेडिकलवाला. सुट्या गोळ्या, कागदाच्या पुडीत.
मग एक स्थळ बघितलं, लग्नानं सुधारंल म्हणून.
लग्नाला कोड नाही. 'इतर'मध्ये टाकते.

आणि मिरज?
'येरवाळी सहाची यस्टी. दोघांचं भाडं. दिसाची मजुरी बुडती.
आन् त्यो नागज फाट्यावर उतरून चालाय लागला,
तर म्या एकटी बाई कुनाला हाका मारू?'
चौथी शेळी जाणत्याकडंच संपली होती.

सांगलीच्या प्रशिक्षणात पडद्यावर एक बाण होता,
अज्ञानाकडून उशिराकडं जाणारा.
बाणाला बसभाडं पडत नव्हतं.

मायाप्पा एवढा वेळ कणगीआड उभा.
मी नमस्कार करते. तो माझ्या हाताकडं बघतो.
'लई मोठ्यानं लिवतीयास,' म्हणतो.
मी टोपण लावते.

मिरजेची चिठ्ठी देते, मंगळवारची.
तानूबाई ती पदराच्या गाठीत बांधतात,
जिथं पैसे असायला हवे होते तिथं.

सडकेपर्यंत सोडायला वैजंता येते, त्याची बहीण, सहावीतली.
तिची संमती घेता येत नाही,
माहिती देणारा अठरा वर्षांचा लागतो.
'आयच्या आदी मला ठावं हुतं,' ती म्हणते.
तिकडून तो रोज रात्री फोन करायचा
आणि बोलायचा नाही. नुसती भट्टी ऐकू यायची, घरघर.
'आय म्हनायची, रेंज न्हाई.'
भूगोलाच्या वहीच्या मागच्या पानांवर
तिनं अशा एकेका रात्रीची रेघ मारून ठेवलीय.
चार पानं. मग पुठ्ठ्यावर आतून नऊ.
'पुढं बोलायला लागला का?'
'न्हाई. पुट्टा संपला.'

गाडीला अजून तास आहे.
बाभळीखाली बसून मी रेघा मोजते,
एकदा एकशे त्र्याहत्तर येतात, एकदा एकशे पंच्याहत्तर.
पोरगी वही परत मागत उभी आहे,
उद्या तिचा पेपर आहे.

पेन पर्समध्ये राहू देते.
सातव्या रकान्यात पेन्सिलीनं लिहिते,
जमेल तितकं हळू.